तांब्याखालचा रुपया

माझं अक्षर किरटं आहे, वेलांट्या चुकतात. वही, सांभाळून घे.

नात आज बोटीवरून फोनवर म्हणाली, "आजी, इथं जेवताना पाणी विकत!" मला बहात्तरच्या दुष्काळातलं आमचं वालूर आठवलं.

बोटीवर वाढप्याचं काम करणारा मामा घरी आला होता. आईनं मैलावरून आणलेल्या पाण्याचा तांब्या त्याच्या ताटाशी ठेवला. उठताना त्यानं तांब्याखाली रुपया सरकवला.

आईचा चेहरा उतरला. "भावाला पाणी इकायलेय का मी?"

"अक्का, बोटीवर गोरे पाण्याचेबी पैसे देतेत."

"जेवू घालून पाणी इकत? कसली रं मानसं ती!"

मलाही त्या माणसांचंच नवल वाटत राहिलं. मामानं आईच्या तळव्यांचे फोड पाहिले असतील, हे आता सुचतं.

मामा निघताना आईनं त्याच्या भाकरीत तोच रुपया बांधला. महिन्यानं कार्ड आलं, "अक्का, रुपया पोचला."