दोनदा घेतलेली कोलंबी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग मी सांगते. मधे कुणी हसलं की माझं डोकं फिरतं आणि गोष्ट राहते बाजूला. चहा घ्या. बिस्किटं त्या डब्यात आहेत.

तर झालं असं, की बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि माझ्याकडे वेळच वेळ. लालबागच्या घरात आम्ही तिघं. हे कामावर, सासूबाई देवापुढे, मग मी काय भिंतीकडे बघत बसू? मोबाइलवर त्या डीलवाल्या साइट्स असतात ना, त्यांचा नाद लागला. आधीच मी दादरच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला रडवणारी बाई. इथे तर न भांडता निम्म्या भावात! पहिल्याच आठवड्यात जिमचं कूपन घेतलं. जिम निघाली विरारला. पण म्हणून काय मी गप्प बसले? छे.

उलट मला वाटलं, आपल्याला एवढं कळतं ते लोकांना नको का सांगायला? म्हणून ब्लॉग काढला. कुणाची मदत न घेता, माझी मी. नाव ठेवलं 'सुगरणीची खरेदी'. खरेदीबरोबर स्वयंपाकाचंही लिहायला लागले. लिहिताना थोडं वाढवून लिहिलं जातंच हो, सगळेच लिहितात. वाचणारं मात्र कुणी नव्हतं. मग सासरच्या झाडून सगळ्या सावंतांचे ईमेल मी त्यात भरून टाकले, म्हणजे मी काही टाकलं की त्यांना आपोआप जाणार. त्यांना विचारलं का? कशाला विचारायचं, घरचीच माणसं!

आणि मग जूनमध्ये ते डील दिसलं. परळच्या एका मोठ्या हॉटेलात आठ जणांसाठी मासळीचा बुफे. सुरमई, कोलंबी, तिसऱ्या, हवं तितकं खा, आणि भाव असा की मी चष्मा पुसून परत वाचला. ऑगस्टभर कधीही या, फक्त पैसे परत मिळणार नाहीत. मी म्हटलं, परत हवेत कुणाला? ह्यांनी विचारलं, एवढं स्वस्त का देतायत? मी म्हटलं, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

ऑगस्टमधला एक रविवार ठरवला, टेबल सांगून ठेवलं. आता मी पडले शिस्तीची. मासे खाऊन आल्यावर लिहिणार कोण? डोळे मिटायला लागतात. ब्लॉगमध्ये एक सोय होती. मजकूर आधी लिहून त्याला तारीख घालून ठेवायची, त्या दिवशी तो आपला आपण छापून येतो. मी तिथल्या तिथे सगळं वर्णन लिहून टाकलं. 'काल आम्ही बुफेवर तुटून पडलो. आमच्या सासूबाईंनी तर कोलंबी दोनदा घेतली!' तारीख घातली रविवारनंतरच्या सोमवारची. सोमवारी सकाळी ऑफिसात लोकांना कामाचा कंटाळा असतो, वाचतात तरी.

आषाढ संपत आला तशी सासूबाईंनी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गो, तुझो तो रविवार श्रावणात येता."

त्यांच्या मागे उभं राहून मीही बघितलं. अख्ख्या ऑगस्टभर श्रावण! म्हणून तर स्वस्त होतं! परळमध्ये श्रावणात गिऱ्हाईक फिरकत नाही हे त्या हॉटेलवाल्याला ठाऊक. आणि मी, जन्मापासून श्रावण पाळणारी मालवणी बाई, मला ठाऊक नाही! ह्यांनी चहा पिता पिता नुसतं माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

कूपन फुकट घालवायचं म्हणजे माझा जीव जायचा. मग आठवली फिलोमिना. बँकेतली माझी मैत्रीण, माहीमला राहते, घरात भरपूर माणसं. ती तर श्रावणाची वाटच बघत असते, कारण आमच्यासारखे लोक बाजारातून हटले की तिला पापलेट स्वस्त पडतं. तिला कूपन पाठवून दिलं. त्या रविवारी ती सगळी मंडळी तिकडे जेवून आली, आम्ही इकडे काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. संपला विषय.

पण ते ब्लॉगला कुणी सांगितलं होतं?

सोमवारी सकाळी, म्हणजे श्रावणी सोमवारी, सासूबाई निरंकार उपास धरून शंकराला बेल वाहत होत्या आणि फोन वाजला. घोडपदेवच्या काकी. काकी म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. सावंतांचा गणपती त्यांच्याकडे बसतो आणि त्याचा नैवेद्य, लग्न होऊन आल्यापासून, सासूबाई करतात. सोवळ्यात, एकट्या. त्यांचे मोदक बघायला शेजारच्या बायका येतात. वर्षभरात त्या बाईला दुसरी कसली हौस नाही, फुशारकी नाही. तेवढा एक दिवस त्यांचा.

काकी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, श्रावण मोडलात, असू दे. वय झालं की जिभेला आवरत नाही. पण यंदा नैवेद्याचं आम्ही बघू."

सासूबाई होत्या तिथेच खाली बसल्या. फोन मी घेतला आणि ब्लॉग, तारीख, आपोआप छापणं, सगळं घडाघडा सांगितलं.

"म्हणजे जेवायच्या आधीच जेवलो म्हणून लिहिलंस?" काकींनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"असं कोण लिहितं गं?"

म्हटलं, विश्वास नसेल तर हॉटेलात विचारा. बघा माझी अक्कल! काकींनी खरंच विचारलं आणि परत फोन केला. हॉटेलवाला म्हणाला होता, सावंत फॅमिली ना, आली होती की. बरोबर एक आजीबाई होत्या, त्यांनी कोलंबीचं भांडं रिकामं केलं. कूपन माझ्या नावावर! आणि फिलोमिनाच्या आईला, देव तिला शंभर वर्षं आयुष्य देवो, कोलंबी भारी आवडते.

फिलोमिनाला फोनवर घेते म्हटलं, तर काकी म्हणाल्या, मैत्रीण तुझी, ती तुझ्यासारखंच बोलणार. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी बघितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझी मलाच शरम वाटली.

मग त्यांनी डोळे पुसले, फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि मला म्हणाल्या, "त्या ब्लॉगात आणखी काय काय लिवलंस? वाच."

मी म्हटलं, आत्ता कशाला?

"वाच गो."

वाचलं. करते काय? 'माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं म्हणजे आमच्या सासूबाईंचा जीव की प्राण.' पलीकडे काकींना खोकला आला. सासूबाई म्हणाल्या, फुडे वाच. 'गेल्या गणपतीत नैवेद्याचे सगळे मोदक मीच वळले, एकही फुटला नाही.'

गेल्या गणपतीत सासूबाईंचा नैवेद्य झाल्यावर उरलेल्या पिठाचे, काकींच्या समोर बसून, मी दोन, फक्त दोन मोदक वळले होते. वाफेवरून काढले तेव्हा चाळणीत पारी एकीकडे आणि सारण दुसरीकडे.

"हे साफ खोटं आहे," काकी म्हणाल्या.

"मगे?" सासूबाई म्हणाल्या. "ती लिवता ता सगळा खोटाच आसता. कोलंबी पण त्यातलीच."

आणि काकींना पटलं! हॉटेलवाला गेला, आजीबाई गेल्या, कूपन गेलं, सगळं क्षणात विसरल्या. सासूबाईंची माफी मागितली, नैवेद्य तुम्हीच करायचा म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत एकूण एक सावंतांना फोन करून कळवलं की वहिनींचा श्रावण शाबूत आहे, त्यांची सून खोटं लिहिते. एकानं तरी विचारावं ना, कशावरून? नाही. सगळे म्हणाले, वाटलंच होतं.

गणपतीत घोडपदेवला गेलो. सासूबाई आत मोदक वळत होत्या, चेहरा नुसता फुललेला. बघून मलाच बरं वाटलं. म्हटलं, आपणही जरा हात लावावा. पदर खोचून निघाले तर काकींनी दारातच अडवलं, माझ्या हातात खवणी दिली आणि आतल्या बायकांना हाक मारून सांगितलं,

"हिला बाहेर नारळ खवायला बसवते. आणि खवून झाला म्हणाली, तर जाऊन बघून या."