तिसऱ्या रांगेतले दोघं

अख्खं नाटक तोंडपाठ असलेली, आणि तरीही जन्मात एकदाही प्रेक्षकांसमोर उभी न राहिलेली बाई तुम्ही पाहिली आहे का?

मी पाहिली आहे. चार वर्षं, दर शनिवारी आणि रविवारी. तिच्यावर मी नाटक लिहिलं, ते लोकांना आवडलं, आणि तिला रंगमंचावर जायची जी एकच संधी आली ती माझ्यामुळं गेली. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

सांगलीतलं आमचं हौशी नाट्यमंडळ म्हणजे एका शाळेचा मागचा हॉल आणि दहा-बारा माणसं. दिग्दर्शक एक निवृत्त मराठीचे शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत. हौशी मंडळात दर तालमीला कुणी ना कुणी गैरहजर असतं. कुणाच्या घरी लग्न, कुणाची ड्यूटी, कुणाचा कारखान्याचा हंगाम. मग त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी भरायची असते, नाहीतर समोरचा नट बोलणार कुणाशी? आमच्याकडं हे काम भाभींचं. त्या तासगावहून एसटीनं यायच्या. आठवडाभर शेडमध्ये बेदाणा निवडायच्या. नवऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. मंडळात मुसलमान घर ते एकच. सासू असो, वकील असो, फौजदार असो, भाभी त्या जागी उभ्या राहून सगळी भूमिका हालचालींसकट करायच्या. मूळ नट आला की बाजूला व्हायच्या आणि प्रॉम्प्टिंगची वही घेऊन बसायच्या.

"भाभी, एवढं पाठ कधी करता?" मी एकदा विचारलं.

"बेदाणा निवडताना. हात चालू असत्यात, तोंड रिकामं. शेजारच्या बायका इचारत्यात, आज कोण गं तू, सासू का फौजदार?"

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडिलांचा लहानसा छापखाना, आई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता आले. जेवताना आमच्याकडं कोणता शब्द ठळक छापायचा यावर भांडणं व्हायची. तेव्हा मी विनोदी नाटक लिहायला बसले तरी त्यात अन्याय असणारच होता. विषय घेतला बदली नटांचा. तीन बदली नट्या मेकअपच्या खोलीत बसून मुख्य नट्या आजारी पडायची वाट पाहतात. एकजण नायिकेला प्रवेशाआधी आइस्क्रीम चारते, दुसरी तिच्या चपलेची टाच सैल करून ठेवते. सगळ्यांत मोठी भूमिका तिसरीची: बारा वर्षं एकच भूमिका पाठ करून बसलेली आणि रोज दात-ओठ खात नायिकेच्या तब्येतीसाठी प्रार्थना करणारी.

तिची निम्मी वाक्यं भाभींची होती. चहाच्या वेळी त्या बोलायच्या आणि मी घरी जाऊन लिहून ठेवायचे. पहिल्या वाचनाला भाभी ओढणीनं डोळे पुसत हसल्या. "माझंच समदं उचललंस की गं, चोरटे!"

ती भूमिका भाभींनीच करावी असं मी बैठकीत म्हटलं. सर म्हणाले, "पुढच्या खेपेला. आता स्पर्धा आहे, सवयीची बाई पाहिजे." भूमिका बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंना गेली. त्यांना अभिनयाची बक्षिसं होती, आणि त्या चांगल्या होत्याही. फक्त निम्म्या तालमींना येत नसत. म्हणजे निम्म्या तालमी भाभींनीच केल्या.

प्रयोग साताऱ्याला, दुपारी बारा वाजता होता. बँकेच्या बाई भावाच्या साखरपुड्याला कोयनानगरला माहेरी गेलेल्या, तिथून परस्पर येणार होत्या. दहा वाजता त्यांचा फोन आला. वाटेत ट्रक आडवा झालाय, गाड्या दोन्हीकडून अडकल्यात, कधी सुटेल सांगता येत नाही.

सरांनी फोन ठेवला आणि भाभींकडं पाहिलं. "साडी नेसा."

भाभी उठल्या. साडी हातात घेऊन आधी पडद्याच्या फटीतून बाहेर डोकावून आल्या. त्यांचा नवरा नेपथ्याच्या गाद्या टेम्पोतून घेऊन आला होता, कॉलेजात जाणारी मुलगी बरोबर होती, आणि दोघं तिसऱ्या रांगेत जाऊन बसले होते. "बापलेकीनं आजवर माझी नुसती कुजबुजच ऐकलीया," त्या मला म्हणाल्या.

साडेअकराला मी सरांना विचारलं, नट बदलल्याची घोषणा कोण करणार? स्पर्धेच्या अर्जावर बँकेच्या बाईंचं नाव होतं. बदल असेल तर आयोजकांना लेखी कळवून तिसऱ्या घंटेआधी माइकवरून सांगायचं, असा नियम.

"कशाला?" सर म्हणाले. "मेकअपमध्ये कोण ओळखतंय? फॉर्मवर आहे त्याच नावानं होऊ दे. अर्ज दिला तर खल करत बसतील."

मी पेटले. "बदली नटीवरच्या नाटकात बदली नटीचंच नाव गायब? आणि तेही हिचं? कुणाचं नाव लपवायचंय तुम्हाला, नीट सांगा की!"

सरांचा चेहरा उतरला. "तोंडाला येईल ते बोलू नकोस. चार वर्षं एका डब्यात जेवतोय आम्ही."

"मी काय म्हंते," भाभी मध्ये बोलल्या. एका हातात निऱ्या धरलेल्या होत्या.

"भाभी, तुम्ही थांबा. मी बोलते ना तुमच्या बाजूनं."

त्या थांबल्या.

लेखकाच्या परवानगीशिवाय प्रयोग होत नाही, हे माझं हत्यार होतं आणि ते मी काढलं. घोषणा होणार नसेल तर परवानगी मागं घेते, म्हटलं. सर खोलीत येरझारा घालू लागले तशी मी कपड्यांच्या पेटीवर बसून घोषणेचा मसुदा लिहू लागले. एक ओळ पुरली असती. मी चार परिच्छेद लिहिले. 'पडद्यामागील कष्टकऱ्यांचा सन्मान' असं लिहिलं, 'सन्मान' खोडून 'हक्क' केलं, आणि त्या खोडण्यात मला मजा येत होती, हे आज लिहिताना लाज वाटते. बारा वाजले. बारा दहा झाले. आयोजकांचा माणूस दोनदा येऊन गेला. "ताई, साडेबारापर्यंत पडदा उघडला न्हाई तर प्रयोग बाद हां, आधीच सांगतो."

सव्वाबाराला सरांनी नट बदलल्याच्या अर्जावर सही केली. मी जिंकले होते. कागद दाखवायला भाभींकडं वळले आणि मागचं दार उघडलं. बँकेच्या बाई आत आल्या, केसांत धूळ, कुणा अनोळखी माणसाच्या मोटरसायकलवरून आलेल्या. आता फॉर्मवरचं नाव आणि माणूस दोन्ही हजर होते. घोषणेचा प्रश्नच उरला नाही.

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग भाभींकडं. भाभींनी स्वतःच खांद्याची पिन काढली. "या, बिगी या. ब्लाउज ढिला हुईल तुम्हास्नी, पिना लावते." स्वतःच्या अंगावरची साडी फेडून त्यांनी बाईंना नेसवली, पदर चापून बसवला, तोंडावरची धूळ पुसली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

प्रयोग रंगला. बाईंना धाप लागलेली, पहिल्या अंकात त्या पाच-सहा ठिकाणी अडल्या, आणि प्रत्येक वेळी विंगेतून वाक्य गेलं. वही मिटलेलीच होती. मी भाभींच्या मागं उभी होते. भूमिका वळायची तिथं त्यांची मान वळत होती, भूमिका बसायची तिथं गुडघे जरासे वाकत होते. बाहेर त्यांच्या वाक्यांवर हशा उसळत होता. पडदा बाराला वर गेला असता तर बाई पोचेपर्यंत भाभींचा पहिला प्रवेश संपत आला असता, आणि चालू नाटकात नटी बदलायला सर धजले नसते.

लेखनाचं बक्षीस मला मिळालं.

सामान भरताना मी टेम्पोपाशी गेले. तेव्हाही मला वाटत होतं की भाभी माझे आभार मानतील. "निदान आपण झुकलो नाही, भाभी," मी म्हटलं.

त्या गाद्यांवरून दोरी ओढत होत्या. "तू न्हाई झुकलीस. मला कुणी इचारलं?" गाठ घट्ट करून त्या म्हणाल्या, "नाव काय करायचं हुतं गं मला? ज्यास्नी माझं नाव ठावं पायजे, ती दोघं तिसऱ्या रांगंत बसली हुती."

मुलगी पुढच्या सीटवर होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. नवरा एवढंच म्हणाला, "चला आता, विट्यात गर्दी लागंल."

त्यानंतर भाभी दोन शनिवार आल्या, मग यायच्या बंद झाल्या. मी तासगावला जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, आईची चौकशी केली, दुकानात काम वाढलंय म्हणाल्या. दुकानात मी तासभर बसले, गिऱ्हाईक एकच आलं. तालमीत आता गैरहजर माणसाच्या जागी आम्ही खुर्ची ठेवतो आणि नट खुर्चीशी बोलतात.

नाव घोषित व्हायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. सरांचं चुकलंच होतं. पण ते भांडण प्रयोगानंतर करता आलं असतं, दुसऱ्या दिवशी, पत्रक काढून, वाटेल तेवढं. त्या अर्ध्या तासाची मालकीण मी नव्हते. माझ्या घरात मला अन्यायाविरुद्ध आवाज चढवायला शिकवलं. ज्याच्यावर अन्याय होतोय तो काही म्हणत असेल तर आपण गप्प बसायचं, हे कुठल्याच पत्रकावर छापलेलं मला सापडलं नाही. ते मी भाभींचं तोंड बंद करून शिकले.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या गावातही एखादं हौशी मंडळ असेल, शाळेच्या किंवा देवळाच्या हॉलमध्ये त्याची तालीम चालत असेल. या आठवड्यात जाऊन तिथं बसा. जी बाई किंवा जो माणूस सगळ्यांच्या जागा भरत असेल, त्याला आवडीचा एक प्रवेश करून दाखवायला सांगा, आणि त्याच्या घरच्यांनाही बोलावून घ्या. भाषण करू नका, हार घालू नका. प्रवेश संपेपर्यंत फक्त समोर बसून राहा.