अर्थशास्त्राच्या वहीतला निबंध

“अजून कुणीतरी राहिलं.”

आमचे अर्थशास्त्राचे सर हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत. वर्गात येताना हाताला लागेल ती वस्तू उचलून आणत, कधी कुणाची छत्री, कधी दौत. ती टेबलावर ठेवून विचारत, “ही आपल्यापर्यंत कुणी आणली?” आम्ही सांगत सुटायचो. दुकानदार, हमाल, गलबतवाला, कारखान्यातला कामगार. सर एकेक बोट मिटत आणि मान हलवत. “अजून कुणीतरी राहिलं.”

श्रीवर्धनच्या आमच्या शाळेत अकरावीला हा विषय नवीनच सुरू झाला होता. घेणारी मुलं आठ आणि मुलगी मी एकटी. पुस्तकं मुंबईहून यायला दिवाळी उजाडली. तोवर सरांनी आम्हांला बंदर दाखवलं, बाजार दाखवला. मागणी आणि पुरवठा म्हणजे काय ते मला पापलेटांच्या टोपलीपाशी कळलं. घरी गेल्यावर त्यापायी आंघोळ करावी लागली, ते वेगळं.

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. कुठे गप्प बसावं ते त्यांना कळत नाही. संमेलनात पाहुण्यांनी झाडून सगळ्यांचे आभार मानले, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, “अजून कुणीतरी राहिलं.” हेडमास्तर लालबुंद झाले. खुर्च्या मांडून घामाघूम झालेला शिपाई मात्र दाराआड हसत होता.

एकदा सरांनी सांगितलं, “एका माणसाचा एक दिवस लिहून आणा. पुस्तकातला नको, शेजारचा.”

आमची सुपारीची वाडी होती. तिथे सुपारी सोलायला गंगूबाई यायची. मी तिच्याशेजारी वही घेऊन बसले.

“इचार ना, ताय,” ती म्हणाली. “आजवर कुनी इचारलंच न्हाय.”

सोलून सोलून तिची बोटं चिरलेली असत. संध्याकाळी मिठाला हात लावला की आग व्हायची, म्हणून घरी स्वयंपाक तिची आठ वर्षांची पोर करायची. मी ते सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, आमच्या सुपारीच्या भावात या बोटांचा हिशेब कुठेच धरलेला नाही.

सरांनी निबंध वाचला, चष्मा पुसला आणि तो फळ्याशेजारी लावला. त्या दिवशी मी घरी उड्या मारत गेले.

माझे वडील, आप्पा, शाळेच्या कमिटीवर होते. आठ दिवसांनी जेवताना त्यांनी विचारलं, “हे तुझं तू लिहिलंस, की मास्तरांनी सांगितलं?”

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा अशीच एका जेवणाच्या पानावर, आप्पांच्या एका वाक्याने सुटली होती. मी भात कालवत राहिले.

“सरांनी सांगितलं तसं लिहिलं,” मी म्हणाले.

आप्पांचा चेहरा निवळला. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

कमिटीने सरांना बोलावलं. शिपायाने बाहेरून ऐकलेलं आम्हांला नंतर सांगितलं. सर म्हणाले होते, “मुलीची काही चूक नाही. मजकूर माझाच.” खाडाखोड केलेली, त्या निबंधाची माझी कच्ची वही त्यांच्या कपाटात होती. ती दाखवली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. त्याच संध्याकाळी शिपायाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

महिन्याच्या आत सरांनी शाळा सोडली. देवळात जाते असं सांगून मी एस.टी. स्टँडवर गेले. म्हसळ्याच्या गाडीच्या टपावर त्यांची ट्रंक चढत होती. मला पाहून ते जवळ आले.

“परीक्षेला शेवटची दोन प्रकरणं सोडू नकोस,” ते म्हणाले.

मी माफीचं वाक्य पाठ करून आणलं होतं; म्हणाले, “हो, सर.” कंडक्टरने घंटा दिली. सरांनी आवाज खाली आणला.

“त्या बाईंना काही त्रास नाही ना झाला?”

गंगूबाईला आप्पांनी चार दिवसांपूर्वीच येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती माझ्या हातातल्या वहीकडे नाही, माझ्याकडे बघत वाडीबाहेर गेली होती.

“नाही, सर,” मी म्हणाले. “येतात त्या कामाला.”

सरांनी मोठा श्वास सोडला. “बरं झालं. मला तेवढीच काळजी होती.”

गाडी वळेपर्यंत ते खिडकीतून हात हलवत होते. सुट्टीवर निघाल्यासारखे हसत होते.