आपल्या विहिरीपाशी

“‘आपल्या घरी या’ असं परक्या माणसाला सांगितलं, की तो मुकाट त्याच्याच घरी जातो,” मैत्री ओव्हाळ एकदा म्हणाली होती. म्हणताना ती हसली नव्हती.

तिचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस. वडील खांबावर चढलेले आणि खाली रस्त्यात उभी माणसं विचारतायत, “आमचा लागेल का हो यंदा?” हे तिनं लहानपणी पुष्कळ पाहिलं. पुढे ती इंजिनिअर झाली. हिंजवडीच्या एका कंपनीत काही वर्षं काढली आणि नोकरी सोडून गुलटेकडीच्या दोन खोल्यांतून एकटीच नेटवर्कची कामं करू लागली. का सोडली, असं कोणी विचारलं तर म्हणायची, “तिथं मीटिंगा फार, तारा कमी.”

मार्केट यार्डात रविराजचा केळ्यांचा गाळा होता. केळी पिकायची लोणी काळभोरला, मळ्यातल्या थंड चेंबरांमध्ये. तिथं त्याचे वडील, आप्पासाहेब, दारातच खाट टाकून राहत. तापमान चढलं की माल मऊ पडतो; दुसऱ्या कोणावर त्यांचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, लांबवू नका असंही बजावलं होतं.

“इथला आकडा गाळ्यावर दिसाया लागला, की त्याच दिवशी येतो,” आप्पा म्हणाले. “तवर न्हाय.”

ही अट घेऊन रविराज मैत्रीकडे आला.

तिनं प्रत्येक चेंबरात एक छोटा संगणक बसवला. तो सारखा तापमान पुकारत राही. कोण ऐकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ज्याला हवं त्यानं त्या चेंबरच्या नावानं कान लावून बसायचं. मळ्यातल्या मळ्यात हे लगेच जमलं. पण मळ्याच्या वेशीवर राउटर होता, आणि तो बाहेरच्याला आत घेत नसे. म्हणून मैत्रीनं त्यात मोजकी दारं उघडली. त्यांना पोर्ट म्हणतात. या दारानं आलेल्याला या संगणकाकडे धाड, त्या दारानं आलेल्याला त्या संगणकाकडे, असं राउटरला सांगून ठेवलं.

तरी गाळ्यावरच्या संगणकावर चेंबरांची नुसती नावं दिसत. आकडे येत नसत.

“मॅडम, नावं आली म्हणजे कनेक्ट झालंय ना?” रविराजनं फोनवर विचारलं. “सगळेच पोर्ट ओपन करून टाका की.”

“टाकते. आणि चोरांसाठी चहाही ठेवते.”

आप्पांची तब्येत उतरत चालली होती. बोलता बोलता त्यांना दम लागे. मैत्री लोणीला जाऊन बसे, पुन्हा सगळं तपासे. चूक दिसत नव्हती.

एका दुपारी ती अशीच मळ्यातल्या ऑफिसात बसली होती. शेजारी आप्पा फोनचा स्पीकर लावून टेम्पोवाल्याशी बोलत होते. केळी पिकवायचा गॅस घेऊन तो पहिल्यांदाच येत होता.

“आरं, आपल्या विहिरीपाशी वळ.”

“वळलो ना काका. विहिरीपाशीच उभाय. हितं कुत्रं अंगावर येतंय.”

“आपल्या विहिरीपाशी म्हनतोय मी!”

“आपली म्हंजे कुणाची? माझी तर वाघोलीला हाय!”

मैत्रीचा हात थांबला.

गाळ्यावरचा संगणक विचारी, आकडे कुठून घेऊ? चेंबरातला संगणक त्याला आपला पत्ता सांगे. तो पत्ता मळ्यातल्या मळ्यात चालणारा. गाळ्यावरचा संगणक तोच पत्ता आपल्याच गाळ्यात शोधी, आणि तिथं त्या पत्त्यावर बिलांचा प्रिंटर बसलेला. त्याला केळ्यांचं काय ठाऊक?

तिनं सेटिंग बदललं. बाहेरच्याला आता राउटरचा बाहेरचा पत्ता आणि उघडलेलं दार सांगायचं. फक्त चालू करायचं राहिलं.

“घावलं का?” आप्पांनी विचारलं.

“सापडलं.”

आप्पांनी फोन बाजूला ठेवला. चेंबरांच्या मोटरी घुमत होत्या.

“ताई, रव्याला सांगा, जमत न्हाय म्हनून. श्रावण निघून जाऊ द्या. उपासाला केळी लागत्यात.”

“श्रावण संपला की गणपती येतील, आप्पा. मग नवरात्र.”

“तुमचं काय जातंय?”

“ऑपरेशनची भीती वाटते?”

“त्याचं कसलं भ्या!” आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “माझ्याबिगर हे चाललं, तर बरा हून परत येऊन मी करू काय?”

मैत्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग समोरची कळ दाबली.

थोड्याच वेळात फोन वाजला. आप्पांनी सवयीनं स्पीकर लावला.

“आप्पा, आले! सगळ्या चेंबरांचे आले! एक नंबर अठरावर आहे ना? बघा, अठरा! मॅडमना थँक्स सांगा. मी गाडी घेऊन निघतोच.”

आप्पांनी उठून एक नंबर चेंबरच्या दारावरचा तापमानाचा काटा पाहिला. अठराच होता.

“ये,” ते फोनमध्ये म्हणाले.

फोन ठेवून ते मैत्रीकडे वळले. परत येऊन करू काय, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंच होतं. तिनं लॅपटॉप मिटला, चपला पायांत सरकवल्या आणि ती बाहेर पडली.