फॉक्सप्रो की पीएल/एसक्यूएल

कपाट आवरताना फॉक्सप्रोचं जुनं मॅन्युअल सापडलं आणि त्या दमट वासासरशी बनारसच्या विद्यापीठातली नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली. परीक्षांच्या निकालांचे प्रोग्रॅम यापुढे कोणत्या संगणकभाषेत लिहायचे, हे मी ठरवायचं होतं. जुने सगळे फॉक्सप्रोत होते, बाळकाकांनी सहा वर्षं खपून लिहिलेले. बालाजी घाटावरचे आमचे शेजारी ते. हे काम मला त्यांनीच शिकवलेलं.

"काका, आता एकाच वेळी दहा जण नोंदी करणार. फॉक्सप्रोला ते झेपणार नाही. पीएल/एसक्यूएल ही नवी भाषाच घ्यावी लागेल."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "बरोबर आहे तुझं. पण माझ्याच्यानं आता नवं शिकणं होणार नाही, पोरी. थकलो."

"मी शिकवेन ना!"

"रहने दे," ते हसले.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. तेव्हा मला हायसंच वाटलं होतं. 'शिकवू का?' म्हणून पुन्हा एकदा विचारायला हवं होतं, हे आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतंय.