सूर्य उत्तरेला उगवतो

इस्लामपूरच्या स्टँडवर माझी पुण्याची गाडी लागली, आई पदरानं डोळे पुसू लागली, आणि आबांनी खिडकीखाली येऊन विचारलं, "वैशे, उत्तर कुटं हाय?"

दुसरे वडील असते तर 'पोचल्यावर फोन कर' म्हणाले असते. आबा मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ज्याला दिशा कळत नाही तो माणूस त्यांच्या हिशेबात अजून रांगतोय. मी घाईघाईत बोट दाखवलं, ते नेमकं उसाच्या रसाच्या गाड्याकडे गेलं. "गेली कामातनं," आबा आईला म्हणाले, आणि गाडी सुटली. माझा निरोप समारंभ तो एवढाच.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले, त्यांच्याही पिशवीत शेंगदाण्याची चटणी असणारच. मागे राहिलेल्यांना वाटतं, आम्ही ती महिनाभर पुरवून खातो. खरं सांगते, माझी कराडच्या पुढे गेली नाही.

पुण्यातून कंपनीनं मला इंग्लंडात लीड्सला धाडलं. आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवारी कादंबऱ्या, असं माझं चालू झालं. राजे, चेटकिणी, बोलणारे डोंगर, सगळे मराठीत. प्रकाशकांनी 'आमच्या वाचकाला हे झेपायचं नाही' असं कळवलं, म्हणून प्रकाशकही मीच झाले. लेखन मी, प्रूफं मी, मुखपृष्ठ मी, आणि फेसबुकवर 'अवश्य वाचा' म्हणणारी तीही मीच.

आबा फोनवर विचारायचे, "भुताखेताचं चाललंय का अजून?" गावात कट्ट्यावर कुणी माझी चौकशी केली, तर 'कंपनीत हाय' म्हणून विषय संपवायचे. हे आईनं सांगितलं तेव्हा मला फार लागलं. मला पुरस्कार नको होता. आबांनी एकदा कट्ट्यावर 'माझी पोरगी पुस्तकं लिहिते' म्हणावं, एवढंच हवं होतं.

तिसऱ्या कादंबरीला मी नकाशा जोडला. किचनमध्ये, रीसायकलिंगच्या डब्याला पाय टेकवून, एका बैठकीत काढला. अगदी वर सोन्याची खिंड, जिथून सूर्य उगवतो. तिच्या अलीकडे नदी. डावीकडे राक्षसांचा माळ, उजवीकडे शापित विहीर. कोपऱ्यात वर तोंड केलेला बाण आणि त्यावर 'उ', म्हणजे उत्तर. पुस्तक छापून आलं तशी पहिली प्रत घरी पाठवली.

तीन आठवडे आबांचा शब्द नाही. आई म्हणाली, "वाचत्यात. लाल पेन घिऊन बसत्यात." मग एका रविवारी फोन आला.

"पाच हजार सैन्य घाट चढतंय तुजं. भाकरी कुनाकडं हाय?"

"आबा, ते मंतरलेलं सैन्य आहे."

"मंतरलं म्हून उपाशी लडवतीस व्हय? दोनशे खेचरं दे त्यास्नी. आन् दुसरं, तुज्या राज्यात सूर्य उत्तरंला उगवतुया."

मी पुस्तक उघडलं. बाण वर, सूर्यही वर. सात वेळा प्रूफं वाचली होती मी! "आवं आबा, कल्पना आहे ती," मी म्हटलं.

"कल्पनेत बी सूर्याची ड्यूटी ठरल्याली आस्ती," म्हणून आबांनी फोन ठेवला.

वाईट वाटलं. एवढं पुस्तक वाचलं, ते काय फक्त चुका काढायला? थोडी रडले, मग चहा केला, मग चहा पिता पिता पुन्हा रडले.

पुढे कुरिअरनं ती प्रत परत आली. समास लालेलाल. राणी रडते त्या प्रत्येक पानावर 'सारखी नको' असा शेरा. नकाशातला बाण खोडून डावीकडे वळवला होता. आणि तळाशी, अगदी मधोमध, एक जाड लाल रेघ ओढून शेजारी लिहिलं होतं, 'उ'.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उत्तर डावीकडेही आणि खालीही? हवालदार चुकले! लगेच फोन लावला. "आबा, एका राज्यात उत्तर दोन ठिकाणी कशी?"

"खालची उत्तर न्हवं गं. उंबरा हाय त्यो."

आबा सांगत होते, "पुस्तक घिऊन उंबऱ्यात बसलो. आपलं दार पूर्वंला. म्होरं सूर्य, त्येच्या अलीकडं नदी. डाव्या अंगाला म्हसोबाचा माळ, उजव्या अंगाला शिंद्याची इहीर. समदं बराबर लागतंय की! तू उंबऱ्यात बसून काढलाईस नकाशा. तुजं चुकलं न्हाई, बाणाचं चुकलंय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी नवं जग रचतेय. मी तर दारातून जेवढं दिसतं तेवढंच काढत होते. माझं मलाच हसू आलं.

तेवढ्यात आईनं फोन हिसकावून घेतला. "आगं, आता पुस्तकाची दुसरी परत धाड. ती पयली कट्ट्यावर सारखी फिरत हुती. ह्ये समद्यास्नी सांगत्यात, पोरगी पुस्तकं लिवती आन् नकाशे मी तपासतो!"

दुसऱ्या आवृत्तीत सैन्याला दोनशे खेचरं मिळाली, राणीचं रडणं निम्म्यावर आलं आणि बाण डावीकडे वळला. तळाची रेघ आणि तिच्याशेजारचा 'उ' मी जसाच्या तसा छापला. एका वाचकानं 'दोन-दोन उत्तर दिशा, निष्काळजी काम' म्हणून एकच स्टार दिला. राहू दे.

परवा बोलता बोलता आबांनी मध्येच विचारलं, "वैशे, उत्तर कुटं हाय?"

मी किचनमध्ये भांडी घासत होते. डोळे मिटले, उंबऱ्यात जाऊन बसले आणि साबणाचा डावा हात लांब केला. "डाव्या अंगाला, आबा."

"बराबर," आबा म्हणाले.

डोळे उघडले तर माझं बोट फ्रिजला लागलेलं होतं.