मेंढरं डाव्या अंगाला

सिरसाळ्याच्या अलीकडं वस्तीवर राहणारा मुंजाजी मेंढरं राखायचा, पण पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते रस्ता रोकोमुळं. मोर्चा कुणाचाही असो, राधाकिशन मालकांचा निरोप आला की तो आपली दीडशे मेंढरं हमरस्त्यावर आणून उभी करायचा. माणसांना पोलीस उचलून नेत, मेंढरांना कोण उचलणार? मालक गावचे पुढारी, मोठे जमीनदार. भाषण ते करायचे, फोटोही त्यांचाच यायचा. मुंजाजीला त्याचं काही वाटत नसे. आपल्यावाचून रस्ता अडत नाही, एवढ्यावर तो खूश.

यंदा गाऱ्हाणं त्याचं स्वतःचं होतं. गावच्या जनावरांच्या दवाखान्याला वर्षभर डॉक्टर नव्हता. लस मिळाली नाही आणि एकवीस कोकरं गेली. शेवटचं त्याच्या बायकोच्या, चतुराबाईच्या मांडीवर गेलं. ती दोन दिवस जेवली नाही.

मालक म्हणाले, सोमवारी रस्ता अडवू. पण त्याच आठवड्यात आंदोलनांचा नवा कायदा लागू झाला आणि चावडीवर कागद लागला. सून योगिता बारावी शिकलेली. तिनं तो उभ्या उभ्या वाचला आणि घरी येऊन सांगितलं, रस्ता पुरता बंद केला तर गुन्हा, जनावरं आडवी घातली तर जनावरं जप्त.

मुंजाजीला घोर लागला. कोंडवाड्यात त्याच्या मेंढरांना कोण चारणार होतं? मालकांनी मात्र कागद हसण्यावारी नेला. तेव्हा योगिताच म्हणाली, "मामा, खाली अजून एक कलम हाय. आठ दिस आधी लिहून दिलं आन् अर्धा रस्ता मोकळा ठेवला, तर बसता येतं."

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्यात गेली. आजवर मुंजाजी तिथं गेला होता तो पोलिसांच्या गाडीतून. त्रिंबक जमादारांनी त्याला ओळखलं.

"कशापायी आलास बे? मोर्चा तर अजून झाला न्हाई."

अर्ज द्यायचाय म्हटल्यावर जमादारच बुचकळ्यात पडले. नव्या कायद्याखाली आलेला तो पहिलाच अर्ज, त्याचा नमुना कुठं असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी योगितानं कोऱ्या कागदावर लिहिलं. फौजदारांनी तो दोनदा वाचून विचारलं, माणसं एका कडेला बसतील हो, पण मेंढरांची हमी कोण देणार?

"मी देतो, साहेब," मुंजाजी म्हणाला. "एक जरी मेंढरू मधल्या पट्ट्याच्या पल्याड गेलं, तर मला आत टाका."

सोमवार टळला, पण आठ दिवसांनंतरची परवानगी मिळाली. परवानगी काढून कुठं रस्ता रोको असतो का, असं म्हणून मालक रुसले आणि त्या दिवशी फिरकलेच नाहीत. आले ते वीस-पंचवीस मेंढपाळ आणि त्यांच्या बायका. मेंढरं डाव्या अंगाला, उजवं अंग गाड्यांना मोकळं. वरच्या टोकाला काठी घेऊन मुंजाजी, खालच्या टोकाला चतुराबाई. उसाच्या ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला की कळप बुजून पट्ट्याकडं लोटायचा. मुंजाजी जिभेनं टकटक करत आडवा जायचा आणि कळप मागं सरायचा. पाणी प्यायलाही तो कळप सोडून गेला नाही. एरवी शिव्या घालत जाणारे ड्रायव्हर आज गाडी हळू करून योगितानं लिहिलेला फलक वाचत होते.

दुपारी तेलगावकडून रुग्णवाहिका आली आणि न थांबता निघून गेली. मुंजाजी तिच्याकडं बघत राहिला. मागं एकदा अशीच गाडी त्याच्या मेंढरांनी अर्धा तास अडवली होती. आत कोण होतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"लई चुकलं तवा," तो चतुराबाईला एवढंच म्हणाला.

चार वाजता तालुक्याचे अधिकारी आले. दमदाटी करायला कारणच नव्हतं, म्हणून त्यांनी खाली बसून ऐकून घेतलं. तीन आठवड्यांनी डॉक्टर मिळाला, पण आठवड्यातून दोनच दिवसांसाठी.

लसीच्या दिवशी मुंजाजी एकेक मेंढरू धरून देत होता. दवाखान्याच्या ओट्यावर योगिता, डॉक्टर आठवड्याच्या उरलेल्या दिवशीही यावा म्हणून, नवा अर्ज लिहीत बसली होती. तिच्यापाशी शेजारच्या गावच्या दोन बाया येऊन टेकल्या. त्यांच्या गावची एसटी बंद झाली होती, आणि ठाण्यात काय लिहून द्यायचं हे त्यांना विचारायचं होतं.